आधी धुवायचे हात

ठाणे पूर्वेच्या कोपरीत आज मूल जन्मते ते बहुतेक दवाखान्यातच. कुणी महापालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घालते, कुणी खासगी नर्सिंग होममध्ये, तर कुणी रुळांपलीकडच्या सरकारी रुग्णालयात. सुईणीला घरी बोलावण्याची रीत आता आज्यांच्या बोलण्यापुरती उरली आहे. साऱ्या महाराष्ट्रातच हे झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत राज्यातल्या निम्म्याहून कमी प्रसूती दवाखान्यात होत होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण शेकडा ९४.७ झाले. दर लाख जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. हे यश मोठे आहे आणि ते कुणी उणे करू नये. पण प्रसूती घरातून दवाखान्यात आली, तसा एक जुना प्रश्नही तिच्याबरोबर उंबरठा ओलांडून आत आला: बाळंतिणीला आणि बाळाला हात लावणाऱ्याने हात केव्हा धुवायचे? कसे धुवायचे हे पुष्कळदा सांगितले जाते. बेसिनवर सहा चित्रांचा तक्ता असतोच. केव्हा धुवायचे, या प्रश्नाला मात्र दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला एक महत्त्वाचा धागा कल्याण-ठाणे-मुंबई याच पट्ट्यातून जातो. तो उलगडला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. हात धुणे आपल्याला कधीच परके नव्हते. परके होते ते समोरच्याला शिवण्याआधी, समोरच्याच्या जिवासाठी हात धुणे.

आपल्या जुन्या घरांतली बाळंतीण डोळ्यांपुढे आणावी. घरातली सर्वांत अंधारी खोली, खाली जुनेर, कोपऱ्यात शेगडी, धुरी. दहा दिवसांचा सोयर. त्या दिवसांत तिला कुणी शिवले तर शिवणाऱ्याने अंघोळ करायची. सुईण अनेक ठिकाणी मातंग समाजातली असे. तिला एरवी उंबऱ्याबाहेर उभे करीत, आणि वेळ आली की थेट बाळंतिणीच्या खाटेपाशी नेत. तिने नाळ कापायची ती विळ्याने, नाहीतर हाताशी असेल त्या पात्याने. काम झाले की जागा सारवायची, कपडे धुवायचे, न्हायचे, शुद्ध व्हायचे. पाण्याला तोटा नव्हता आणि धुण्यातही कुचराई नव्हती. फक्त सगळे धुणे नंतरचे होते. ते शिवणाऱ्याला विटाळापासून सोडवण्यासाठी होते. जिला शिवायचे तिला शिवणाऱ्याच्या हातापासून वाचवण्यासाठी नव्हते. सुईण आत शिरण्यापूर्वी तिच्या हातावर कढत पाणी घालावे, असे त्या घरातल्या कुणालाही वाटत नसे. पाचवी आणि सटवीच्या पूजेच्या रात्री घर जागत असे, बाळावर घाला पडेल म्हणून. नाळेतून शिरणारा धनुर्वात नेमका जन्मानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळ नेतो. धोक्याचे दिवस लोकांनी अचूक हेरले होते. धोका कुठून येतो ते हेरले नव्हते.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. आपल्या वैद्यकाला हे ठाऊक होते, असे म्हटले जाते. ते खरेही आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी चार स्त्रिया असाव्यात, त्या वयाने पोक्त व प्रसूतीच्या कामात तरबेज असाव्यात आणि त्यांची नखे कापलेली असावीत, असे सांगितले आहे. नखांचा हा उल्लेख किती नेमका आहे ते आजच्या नियमाशी ताडून पाहावे: जागतिक आरोग्य संघटना सांगते की रुग्णसेवा करणाऱ्याच्या नखांची टोके अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब नसावीत, कारण हातावरची सर्वाधिक जंतुसंख्या नखांखालीच असते. पण ग्रंथात लिहिलेले आणि खाटेपाशी घडणारे यांच्यामध्ये आपल्या समाजाने भिंत बांधली होती. ज्यांना ग्रंथ वाचता येत होता ते बाळंतिणीला हात लावीत नव्हते, आणि ज्या हात लावीत होत्या त्यांच्यापर्यंत ग्रंथ पोचू दिला जात नव्हता. म्हणून सोवळे म्हणजेच स्वच्छता, हा युक्तिवाद टिकत नाही. सोवळे माणसाच्या जातीचे आणि अवस्थेचे होते. जंतू जात पाहत नाही. तो हात पाहतो.

असे सोवळे युरोप-अमेरिकेतही होते, फक्त त्याला तसे नाव नव्हते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बाळंतिणी तापाने गेल्या, दुसऱ्यात तिघींहूनही कमी. बायकांना हा फरक ठाऊक होता. पहिल्या विभागाची पाळी असलेल्या दिवशी दाखल करू नका म्हणून त्या हातापाया पडत. १८४७ च्या मार्चमध्ये याकोब कोलेच्का हे प्राध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून वारले, आणि त्यांच्या शरीरात जे बदल दिसले ते बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांसारखेच होते. त्यावरून इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने ताडले की विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतीच्या खोलीत येतात, आणि मृत्यू त्यांच्या बोटांवर बसून येतो. मेच्या मध्यापासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरी १८ असलेले मृत्यू जूनमध्ये दोनवर आले. ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. तिचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि माझ्या मते खरा धडा तिथे आहे. सुरुवातीला हात धुवायचे ते विभागात शिरताना, एकदाच. ऑक्टोबरमध्ये ओळीतल्या पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची, स्राव वाहत असलेली एक स्त्री होती. तिला तपासून विद्यार्थी तसेच पुढच्या खाटांकडे गेले. तेव्हाच्या १२ बाळंतिणींपैकी ११ दगावल्या. त्यानंतर नियम बदलला: दर रुग्णाआधी हात धुवायचे. दारात धुतलेला हात पहिल्या खाटेपुरताच धुतलेला असतो, हे कळायला ११ जीव गेले.

अमेरिकेत बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्येच बाळंतज्वर डॉक्टरांच्या व दायांच्या हातून पसरतो असे पुराव्यानिशी मांडले होते. त्यांच्यावर तुटून पडले ते फिलाडेल्फियाचे चार्ल्स मेग्ज, त्या देशातले नामांकित प्रसूतितज्ज्ञ. डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्याकडच्या सोवळ्याचीच ही फिलाडेल्फियातली आवृत्ती. हाताची शुद्धता माणसाच्या प्रतिष्ठेवरून ठरवायची. हात पाहायचाच नाही. आणि व्हिएन्नाचा आकडा पाहिला तर शिकलेल्यांचे हात सुईणींच्या हातांपेक्षा चौपट घातक ठरले होते. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे आपल्याकडे साऱ्या दोषाचे खापर सुईणीवर फुटणार होते.

१८६५ हे साल या कथेत विलक्षण आहे. १२ ऑगस्टला ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर प्रथम कार्बोलिक ॲसिड वापरले. दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्टला, सेमेलवाइस व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून मेले. आणि त्याच वर्षी ३१ मार्चला कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना जन्मली. लग्नानंतर ती आनंदी गोपाळ जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याचा तिचा निश्चय त्या मृत्यूशी जोडला जातो, आणि तसे जोडणे योग्यच आहे. पण ती कुठे आणि केव्हा शिकली याकडे आपले चरित्रप्रेम फारसे वळत नाही. आनंदीबाई १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, म्हणजे मेग्ज यांच्याच शहरात, त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. मधल्या काळात १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराच्या रुग्णांत साखळीसारखे जंतू दाखवले होते, आणि वाद संपत आला होता. महाविद्यालयात प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या ॲना ब्रूमॉल या जंतुनाशक पद्धतीच्या कडव्या पुरस्कर्त्या होत्या. हातांचा हा नवा धर्म जगात स्थिरावत होता, नेमक्या त्याच तीन वर्षांत कल्याणची ही तरुणी तो शिकत होती.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा होता. अनेकांना हा विषय भाबड्या अभिमानाचा वाटतो. परदेशात आपली पोथी मिरवली, एवढेच त्यात दिसते. मला ते पटत नाही. प्रसूतीच्या शास्त्रात जग बदलत असताना आपल्या घरातल्या ज्ञानाचा हिशेब मांडणे, ग्रंथातले काय घेण्याजोगे आहे ते पारखायला बसणे, हे काम कुणीतरी करायलाच हवे होते. ते करायला ग्रंथ जाणणारी आणि खाटेपाशीही बसणारी एकच व्यक्ती हवी होती. वर सांगितलेली भिंत आनंदीबाईंच्या ठिकाणी प्रथमच पडली होती. त्यानंतर त्यांनी बोस्टनच्या स्त्रिया व मुलांच्या न्यू इंग्लंड रुग्णालयात काही काळ काम केले. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईत उतरल्या त्या क्षयाने खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, वयाची २२ वर्षे पुरी होण्याआधीच. त्या जगल्या असत्या तर एकट्या त्यांच्यामुळे कोकणपट्टीतले बाळंतज्वराचे बळी थांबले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण सुईणीशी तिच्याच बोलीत बोलू शकणारी, नव्या शास्त्रातली एक स्त्री गेली, हा तोटा आपण नीट मोजलेला नाही.

कारण तिच्या अखेरच्या वर्षांत आणि तिच्यामागून जे झाले ते वरून खाली झाले. १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड निघाला, १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले, १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड उभा राहिला, आणि त्यातून देशी दायांना शिकवण्याचे काम हाती घेण्यात आले. १९१८ मध्ये या फंडाने जो अहवाल छापला त्यात देशभरच्या स्त्री-डॉक्टरांनी दायांच्या अस्वच्छतेची वर्णने पानोपानी दिली. ती खोटी नव्हती. तरी त्या वर्णनांतला सूर आज वाचताना बोचतो. दाई अडाणी, दाई घाणेरडी, दाई हट्टी. आणि जे घर तिला जुनेराशिवाय काही देत नव्हते, पाणी तापवून ठेवत नव्हते, वेगळे पाते देत नव्हते, त्या घराकडे बोट तेवढ्या जोराने वळत नव्हते. व्हिएन्नाच्या सुईणींचे हात डॉक्टरांपेक्षा निर्धोक होते, कारण त्या शवागारात जात नव्हत्या. हात स्वभावाने घाणेरडे नसतात. ज्या कामाच्या रांगेतून ते येतात, ती रांग त्यांना तसे करते.

मुंबईत या दिशेने नेटाने पाहणाऱ्यांत डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव आदराने घ्यायला हवे. त्या बेने इस्रायली होत्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या, शतकानुशतके कोकणपट्टीत रुजलेल्या त्या यहुदी समाजातल्या, ज्याचे १८७९ मधले प्रार्थनामंदिर ठाण्यात आजही उभे आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या कामा हॉस्पिटलच्या पहिल्या भारतीय प्रमुख झाल्या आणि १९४७ पर्यंत तिथे राहिल्या. मुंबई शहरातल्या मातामृत्यूंच्या कारणांचा त्यांनी केलेला तपास १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या तपासाची पद्धतच मला मोलाची वाटते: बाई बाळंतपणात गेली, हे नशीब म्हणून न स्वीकारता प्रत्येक मृत्यूला कारण विचारायचे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने देशाचे चित्र मांडले: वर्षाला सुमारे दोन लाख स्त्रिया गर्भारपण-बाळंतपणात मरत होत्या, आणि साऱ्या देशात शिकलेल्या सुईणी होत्या पाच हजारांच्या आसपास. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. सिंधमधून आलेल्या कुटुंबांची वसाहत कोपरीत उभी राहिली, कल्याणजवळच्या लष्करी बराकींत तर एक अख्खे शहर वसले आणि १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीत सार्वजनिक नळावर रांग लावून भरलेल्या पाण्यात स्वयंपाक, धुणी आणि बाळंतपण सगळेच भागवायचे. अशा ठिकाणी हात धुण्याचा उपदेश करायचा असेल तर आधी नळ द्यावा लागतो.

इथे दुसरा, अधिक वजनदार आक्षेप येतो. बाळंतज्वर हात धुण्याने हटला की औषधांनी? इंग्लंडमध्ये जंतुनाशक पद्धत १८८० नंतर सर्वांना ठाऊक होती, तरी तिथला मातामृत्यूचा दर १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फारसा हलला नाही. १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी प्रॉन्टोसिल हे सल्फा औषध वापरले, आणि दर धाडकन खाली आला. तर मग हातांचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपातली अर्धी गोष्ट मान्य करावीच लागेल: औषधांनी लाखो जीव वाचवले. पण १८८० नंतर ज्या प्रसूतिगृहांत नियम काटेकोर पाळला गेला, तिथे मृत्यू झपाट्याने उतरले होते. उतरले नाहीत ते बाहेर, घरोघरच्या प्रसूतींत, जिथे घाईने चिमटा लावणाऱ्या डॉक्टरांवर कुणाचे लक्ष नव्हते. हात निष्फळ ठरले नव्हते. ते धुतलेच गेले नव्हते. दुसरी बाब आजची आहे. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बालकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत सर्वाधिक आढळला तो असिनेटोबॅक्टर, आणि त्यातले शेकडा ८२ जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. कोलब्रुक यांनी उघडलेले दार हळूहळू लोटले जात आहे. ते लोटले गेले की उरतात ते हातच.

म्हणून आजच्या प्रसूतिगृहात हात केव्हा धुतले जातात, हे बारकाईने पाहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याचे पाच क्षण सांगितले आहेत. रुग्णाला शिवण्याआधी, आणि सुई, नळी किंवा नाळ यांसारखे निर्जंतुक काम करण्याआधी, हे दोन आधीचे. शरीरद्रवाशी संबंध आल्यावर, रुग्णाला शिवल्यावर, आणि त्याच्या भोवतीच्या वस्तूंना शिवल्यावर, हे तीन नंतरचे. देशोदेशी जिथे जिथे निरीक्षक उभे राहून मोजतात, तिथे पुन्हा पुन्हा तेच दिसते: नंतरचे हात बरे धुतले जातात, आधीचे राहून जातात. माझ्या मते यामागे आळस नाही. रक्ताने भरलेला हात धुवावासा वाटतोच. घाण दिसते, किळस येते, भीती वाटते. कोरडा, साफ दिसणारा हात दुसऱ्यासाठी धुण्यात मनाला कसलीच सुटका मिळत नाही. जुन्या घरातल्या त्या नंतरच्या अंघोळीची ही आधुनिक बहीण आहे. हातमोज्यांचे तर विचारूच नये. शस्त्रक्रियेत रबरी मोजे आले ते १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये, विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखालच्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्पटन यांच्या हातांना जंतुनाशक द्रावणाने चट्टे उठत होते म्हणून. म्हणजे मोजे जन्मले तेच घालणाऱ्याच्या रक्षणासाठी. आजही एकच मोजा घालून तीन खाटा हिंडणारा हात स्वतः सुरक्षित असतो, आणि तिन्ही खाटा असुरक्षित.

तंत्राबद्दलही थोडे थांबून सांगायला हवे, कारण केव्हा ठरले तरी कसे बिघडले तर उपयोग नाही. तळहातावर तळहात, एका हाताच्या तळव्याने दुसऱ्याची मागची बाजू, बोटांत बोटे गुंफून, बोटांच्या पाठी विरुद्ध तळव्यात अडकवून, अंगठा मुठीत धरून फिरवत, आणि शेवटी बोटांची टोके तळव्यावर घासत: हा क्रम इंग्लंडमधल्या ग्रॅहम एलिफ यांच्या गटाने १९७८ मध्ये बांधून दिला. त्याच वर्षी एल. जे. टेलर यांनी परिचारिकांच्या हातांवर रंग लावून पाहिले की धुताना काय सुटते. सुटले ते अंगठे, बोटांची टोके आणि बोटांमधल्या बेचक्या. नेमके हेच भाग रुग्णाला सर्वांत आधी लागतात. साबण-पाण्याला सर्व मिळून ४० ते ६० सेकंद लागतात, अल्कोहोलच्या द्रावणाला २० ते ३०. मात्र हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाणीच हवे. मनगटाचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. अंगठ्या आणि बांगड्यांखाली ओल व जंतू राहतात, म्हणून त्या काढायला सांगतात. पण सवाष्ण बाईने बांगड्या उतरवणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याने भिंतीवर नियम चिकटवून भागत नाही. जिथे मेट्रन वडीलकीच्या नात्याने समजावते आणि काढलेल्या बांगड्या ठेवायला कुलुपाची पेटी देते, तिथे त्या निघतात.

तिसरा आक्षेप खाटेपाशी काम करणाऱ्यांचा आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे: वेळच नाही. एका सिस्टरकडे एवढ्या खाटा, त्यात बेसिन वॉर्डाच्या टोकाला, नळाला पाणी येईल तेव्हा येईल. हे बहाणे नाहीत. आंद्रेआस व्हॉस आणि आंद्रेआस विडमर यांनी १९९७ मध्ये हिशेब मांडला होता की १२ कर्मचाऱ्यांच्या अतिदक्षता विभागात प्रत्येक वेळी साबण-पाण्याने हात धुतले तर एका दिवसपाळीत १६ तास नुसते हात धुण्यात जातील. द्रावण खाटेपाशी असेल तर तीन तास. जिनिव्हाच्या रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांनी नेमके तेच केले. खाटेखाटेला द्रावणाची बाटली, भिंतीवर फलक, आणि वेळोवेळी मोजणी. काही वर्षांत हात स्वच्छ करण्याचे प्रमाण शेकडा ४८ वरून ६६ वर गेले आणि रुग्णालयातला संसर्ग शेकडा १६.९ वरून ९.९ वर आला. सगळी घट हातांमुळेच झाली असे म्हणता येणार नाही, इतर उपायही चालू होते. पण तिथे कुणाच्या स्वभावावर भाषण दिले गेले नाही. बाटली जवळ आणली गेली. आपल्याकडच्या प्रसूतिकक्षांसाठी कोपराने उघडता-मिटता येणारा नळ असावा, हा नियमही याच जातीचा आहे.

श्रीमंत देशांचेच दाखले देतो असे कुणी म्हणेल, तर गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला घेण्याआधी हात धुणे, नाळेची निगा, संसर्गाची लक्षणे ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे. गावच्या सुईणींनाही त्यांनी दूर लोटले नाही, बरोबर घेतले. नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर उतरला. शेजारच्या तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २०११ पासून आशा ताईंच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. १९१८ च्या अहवालात जिला हट्टी म्हटले होते, तिच्या नातीच्या वयाच्या बाईने हे करून दाखवले. फरक एवढाच की तिला कुणी शिकवले, साहित्य दिले, आणि मान दिला.

एक बाजू मात्र या साऱ्या मोजणीत अजून नीट आलेली नाही. पाच क्षणांचा आराखडा जिनिव्हात तयार झाला, जिथे रुग्णाला हात लावते ती परिचारिका किंवा डॉक्टर. कोपरी-कळव्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वॉर्डांत बाळंतिणीला उठवून बसवते तिची आई, बाळाला दुपट्यात घेते नणंद, भांडे सरकवते मावशी, आणि डबा घेऊन आलेली जाऊ लोकलमधून उतरून सरळ खाटेशी येऊन बाळाचा गाल कुरवाळते. मोजणीच्या कागदावर रकाने असतात डॉक्टर आणि सिस्टरांचे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नवजात अतिदक्षता कक्षांत आईवडिलांना सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आईला आत घेण्याआधी हात धुण्यासकट सगळे शिकवणे आले. नातेवाइकांची गर्दी ही अडचण न मानता तिच्यातून सेवेचे हात घडवणारी ही वाट आहे. ती आज प्रामुख्याने आजारी बाळांच्या कक्षापुरती आहे. निरोगी बाळंतिणीच्या साध्या वॉर्डात, जिथे दिवसभरात सर्वाधिक हात बाळापर्यंत पोचतात, तिथे भेटीच्या वेळी दारात बाटली घेऊन कोणी उभे राहायचे, हे अजून ठरलेले नाही. ते काम सिस्टरच्या गळ्यात आणखी एक म्हणून न घालता त्यासाठी एक माणूस नेमावा, आणि मोजणीच्या कागदावर नातेवाइकांचा रकाना वाढवावा. ही खर्चाने फार मोठी मागणी नाही.